तीन नाणी आणि बदलती रेषा

घोडबंदर मार्गावरील नव्या गृहसंकुलांत असो, वा डोंबिवलीत जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत असो, लाल फितीने एकत्र बांधलेली तीन चिनी नाणी आपण कोणाच्या ना कोणाच्या घरी पाहिली असतील. मध्ये चौकोनी भोक, कडेला चिनी अक्षरे. कोठे ती कपाटाच्या चोरकप्प्यात असतात, कोठे दुकानाच्या गल्ल्यात. शेजारच्या दारावर अष्टकोनी आरसा टांगलेला असेल, तर त्याच्या आठ बाजूंवर तीन-तीन रेषांचे आठ गट कोरलेले दिसतील. फेंगशुईच्या दुकानात या वस्तू बरकतीसाठी म्हणून विकल्या जातात आणि बहुतेक घरांत त्यांची कथा तेथेच संपते. परंतु ही तीन नाणी आणि आरशावरील त्या रेषा एका फार जुन्या ग्रंथाच्या परिवारातील आहेत. तो ग्रंथ म्हणजे ‘यी चिंग’, अर्थात ‘परिवर्तनांचा ग्रंथ’. आपल्याकडे इंग्रजी वळणाने त्याला ‘आय चिंग’ असेही म्हणतात. नाणी उधळून, पडलेल्या अंकांवरून सहा रेषांची आकृती रचावयाची आणि ग्रंथातील त्या आकृतीचे वचन वाचावयाचे, अशी ही प्रश्न विचारण्याची रीत आहे.

आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण कल्याणहून आलेले एका वाचक भगिनीचे पत्र आहे. त्यांचे नाव न सांगता त्यातील मजकूर येथे थोडक्यात देतो.

त्यांच्या मातोश्रींचे वय ६८. त्या डोंबिवलीस मुलाकडे राहतात. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, मधुमेह आहे, वर्षभरात घराबाहेर पडणे जवळजवळ थांबले आहे. अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया सुचविली आहे. मुलगा घाबरलेला. सिंधुदुर्गात गावी असलेल्या काकांनी ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावला, तो डावा आला. पत्रलेखिका स्वतः सुशिक्षित; त्यांच्याकडे यी चिंगचे एक इंग्रजी भाषांतर आहे. त्यांनी रुपयाची तीन नाणी घेऊन प्रश्न केला, “आईची शस्त्रक्रिया आता करावी का?” उत्तरादाखल ३९ क्रमांकाची आकृती आली, ‘अडथळा’, तिची तिसरी रेषा बदलती होती. भाऊ म्हणाला, हे तर स्पष्टच झाले, थांबा. भगिनींचे समाधान झाले नाही. दुसऱ्या रात्री त्यांनी पुन्हा नाणी टाकली. ४६ वी आकृती आली, ‘आरोहण’, एकही रेषा बदलती नाही. त्या आनंदल्या. भावाने मानले नाही. तिसऱ्या रात्री ५ वी आकृती, ‘प्रतीक्षा’. आता दोघांत अबोला आहे आणि पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: या तिन्हींपैकी खरे उत्तर कोणते? आणि आकृती बदलते तेव्हा पहिली खरी मानावी की दुसरी?

वाचकहो, दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करू, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

यी चिंगमध्ये रेषा दोनच प्रकारच्या. एक सलग, तिला यांग म्हणतात. दुसरी मध्ये तुटलेली, तिला यिन म्हणतात. तीन रेषा एकावर एक मांडल्या की आठ गट होतात आणि सहा मांडल्या की ६४ आकृत्या. मराठी वाचकाला हे गणित परके वाटू नये. वृत्ते शिकताना लघू आणि गुरू या दोनच मात्राचिन्हांपासून तीन-तीन अक्षरांचे आठ गण आपण शाळेत पाठ केले आहेत. तिन्ही गुरू तो ‘म’ गण, तिन्ही लघू तो ‘न’ गण; चिनी मांडणीत तिन्ही सलग रेषा म्हणजे आकाश, तिन्ही तुटक म्हणजे पृथ्वी. पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्रातील प्रस्तार सहा अक्षरांपर्यंत नेला तर तेथेही ६४ च रूपे निघतात. (पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगत फिरणाऱ्या पिंगळ्याचा या पिंगलाचार्यांशी संबंध नाही, नामसाम्य मात्र गमतीचे आहे.) भारतात त्या मांडणीतून कवितेचे शास्त्र झाले, चीनमध्ये प्रश्नाचे.

नाण्यांची रीत सोपी आहे. छापा पडल्यास तीन, काटा पडल्यास दोन. तिन्ही नाणी एकदम टाकून बेरीज करावयाची. बेरीज सहा, सात, आठ किंवा नऊ यांपैकीच येते. सात आणि नऊ म्हणजे सलग रेषा, सहा आणि आठ म्हणजे तुटक. असे सहा वेळा करावयाचे आणि रेषा खालून वर मांडीत जावयाचे. घर बांधताना पाया आधी घालतात तसे.

आता मर्म येथे आहे. सात आणि आठ या स्थिर रेषा. सहा आणि नऊ या बदलत्या. चिनी परंपरा त्यांना ‘वृद्ध’ यिन आणि ‘वृद्ध’ यांग म्हणते. जी गोष्ट आपल्या टोकाला पोचली ती उलटू लागते, हा त्यामागील विचार. ज्येष्ठात उन्हाचा कडाका शिगेला पोचला की पावसाची चाहूल लागते, तसे काहीसे. म्हणून नऊ आलेली सलग रेषा तुटक होते, सहा आलेली तुटक रेषा सलग होते आणि पहिल्या आकृतीतून दुसरी जन्मते. तीन नाण्यांच्या आठ शक्यतांपैकी एकीत नऊ आणि एकीत सहा येतो. म्हणजे प्रत्येक रेषा बदलती असण्याची शक्यता चारात एक. सहाही रेषा स्थिर राहण्याची शक्यता शंभरात सुमारे अठरा. पहिली व दुसरी आकृती यांच्या जोड्या एकूण ४०९६ होतात. नाण्यांच्या आधीची, यारो वनस्पतीच्या पन्नास काड्यांची रीत अधिक संथ होती. एक काडी बाजूला ठेवून ४९ काड्या पुनःपुन्हा वाटीत बसावे लागे. त्या संथपणाचा एक लाभ असा की, विचारणारा तोवर शांत होई. नाण्यांनी तेवढा अवकाश काढून घेतला.

अनेक रेषा एकदम बदलू लागल्या तर वाचावे काय? येथे भाविकांचा मोठा गोंधळ होतो, कारण प्रत्येक रेषेचे स्वतंत्र वचन आहे आणि ती वचने पुष्कळदा परस्परविरुद्ध असतात. बाराव्या शतकात चू शी या विद्वानाने याला शिस्त लावली. एकही रेषा बदलत नसेल तर पहिल्या आकृतीचे मुख्य वचन वाचावे. एक बदलत असेल तर त्या एका रेषेचे. दोन असतील तर दोन्हींचे, पण वरच्या रेषेस प्राधान्य. तीन असतील तर दोन्ही आकृत्यांची मुख्य वचने. चार बदलत असतील तर दृष्टी फिरते: दुसऱ्या आकृतीतील न बदललेल्या दोन रेषा वाचावयाच्या, खालची प्रधान. पाच बदलल्या तर दुसरीतील न बदललेली एकच. साही बदलल्या तर दुसऱ्या आकृतीचे मुख्य वचन, आणि सर्व रेषा सलग किंवा सर्व तुटक असलेल्या पहिल्या दोन आकृत्यांसाठी ग्रंथाने स्वतंत्र वचनच दिले आहे. हा नियम सर्वांना मान्य आहे असे नाही. कोणी सगळ्या बदलत्या रेषा वाचतात, कोणी पहिली आकृती वर्तमान आणि दुसरी भविष्य मानतात. ही दुसरी समजूत आज सर्वांत लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सर्वांत अनर्थकारकही.

अनर्थकारक अशासाठी की, ती बदलाला निकालाचे रूप देते. ‘त्सो चुआन’ या प्राचीन चिनी इतिहासग्रंथात यी चिंगच्या वापराच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी काही आहेत. तेथे ‘अमुक आकृतीची तमुक’ अशी भाषा आढळते. काही आधुनिक अभ्यासकांच्या मते ही केवळ रेषेचा पत्ता सांगण्याची पद्धत होती. आपण ‘तिसरी रेषा’ म्हणतो, त्याऐवजी ती रेषा उलटल्यावर जी आकृती होते तिचे नाव घेत. म्हणजे दुसरी आकृती हे भविष्यच असेल असे नाही; कोठे लक्ष द्यावयाचे, एवढेच कदाचित ती दाखविते.

आता पत्रातील पहिली आकृती समोर घेऊ. खालून वर आठ, आठ, नऊ, आठ, सात, आठ. खाली पर्वत, वर पाणी. आकृतीच्या चिनी नावाचा मूळ अर्थ लंगडणे, पाय अडखळणे असा आहे. गुडघ्याच्या प्रश्नाला लंगडण्याची आकृती यावी, हे वाचून अंगावर काटा येणे साहजिक आहे. परंतु चौसष्ट आकृत्यांपैकी पुष्कळांत आजार, प्रवास, घर, धोका, वाट यांपैकी काही ना काही असते, आणि व्याकूळ मन त्यातील आपले ते अचूक उचलते. वर्तमानपत्रातील राशिभविष्य कोणत्याही राशीचे वाचले तरी थोडेफार आपलेच वाटते, तशातलाच हा प्रकार.

तिसरी रेषा एवढेच सुचविते की, पुढे रेटल्यास अडथळा आहे, मागे वळावे. ती उलटली की खालचा पर्वत पृथ्वी होतो आणि आठवी आकृती तयार होते. तिचा विषय एकत्र येणे, एकमेकांना धरून राहणे हा आहे. भावाने यातून ‘शस्त्रक्रिया थांबवा’ असा अर्थ काढला. काढता येतो. पण तेवढ्याच अधिकाराने दुसराही काढता येतो. पुढे रेटणे म्हणजे चौकशी न करता घाईने निर्णय घेणे, मागे वळणे म्हणजे घरी येऊन सर्वांनी एकत्र बसणे. तिसरा अर्थ असा की, दुखणाऱ्या गुडघ्यांनी रोजचे रेटणे हाच अडथळा आहे. ग्रंथाने यांपैकी एकही निवडलेला नाही. निवड वाचणाऱ्याच्या भीतीने केली.

आणखी एक गोष्ट भगिनींच्याही नजरेतून सुटलेली दिसते. ‘अडथळा’ या आकृतीच्या मुख्य वचनात थोर, जाणत्या व्यक्तीची भेट घेणे हितकर म्हटले आहे. दुसऱ्या रात्रीच्या ‘आरोहण’ आकृतीच्या मुख्य वचनातही जाणत्या व्यक्तीस भेटावे, चिंता करू नये, असाच आशय आहे. एकाने ‘थांबा’ वाचले, दुसरीने ‘चढा’ वाचले. दोन्ही आकृत्यांत सारखा असलेला सल्ला कोणीच वाचला नाही. तिसऱ्या रात्रीची ‘प्रतीक्षा’ही नुसते बसून राहा असे म्हणत नाही, तिच्या मुख्य वचनात मोठी नदी ओलांडणे हितकर सांगितले आहे. भावाने नावापुढे वाचलेच नसावे.

वाचनात प्रामाणिकपणा किती लागतो, हे सांगणारी एक हकीकत त्याच ‘त्सो चुआन’मध्ये आहे. लू राज्याच्या राजमाता मू च्यांग एका सत्ताकारस्थानात सापडल्या आणि त्यांना पूर्वेकडील राजवाड्यात बंदिस्त करण्यात आले. तेथे जाताना त्यांनी प्रश्न लावला. ५२ वी आकृती आली, ‘स्थैर्य’. पाच रेषा बदलून ती १७ वी झाली, ‘अनुसरण’. केवळ दुसरी रेषा तशीच राहिली. प्रश्न पाहणाऱ्याने सांगितले, ही बाहेर पडण्याची खूण आहे, आपण लवकरच सुटाल. राजमाता म्हणाल्या, नाही. या आकृतीला दोष नाही असे ग्रंथ म्हणतो खरा, पण ज्याच्या अंगी ते गुण आहेत त्याला. मी राज्यात अनर्थ माजविला. माझ्या ठायी ते गुण कोठून? मी येथेच मरणार. आणि इ. स. पू. ५६४ मध्ये त्या तेथेच वारल्या. भविष्य खरे ठरले की नाही हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. समोर सोयीचा अर्थ ताटात वाढून ठेवलेला असताना त्यांनी तो घेतला नाही, आकृतीपेक्षा स्वतःकडे पाहिले, हे मला मोलाचे वाटते. त्याच ग्रंथात इ. स. पू. ५३० ची दुसरी नोंद आहे. नान ख्वाई नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या धन्याविरुद्ध बंड करण्याचे योजिले, आणि त्याला परम शुभ रेषा आली. जाणकाराने बजावले की, निष्ठेच्या कामासाठी ती शुभ आहे. घातक बेत असेल तर हा ग्रंथ विचारूच नये. त्याने ऐकले नाही. बंड फसले.

थोडक्यात, अडीच हजार वर्षांपूर्वीही जाणत्यांना ठाऊक होते की उत्तराचा कस प्रश्नात आणि वाचणाऱ्यात असतो. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील श्युन्त्झ या विचारवंताने तर पुढे जाऊन असा अभिप्राय दिला की, परिवर्तनांचे ज्ञान ज्याला खरोखर झाले तो प्रश्न लावीतच नाही.

कौलाविषयी थोडे स्वतंत्रपणे लिहावयास हवे, कारण ठाणे-डोंबिवलीच्या अनेक घरांचे मूळ कोकणात आहे आणि दिवा-सावंतवाडी गाडीने तेथील देवस्की या घरांशी आजही जोडलेली आहे. मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या, कळ्या वा तांदूळ चिकटवितात, गाऱ्हाणे घालून प्रश्न मांडतात आणि उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार समजतात. गोव्यातही हाच प्रघात आहे. निवडणुकीनंतर आपण ‘जनतेचा कौल’ म्हणतो तो शब्द याच घरचा. कौलाची रचना यी चिंगहून वेगळी आहे. तेथे आकृती नाही, रूपक नाही, बदलती रेषा नाही. होय किंवा नाही. म्हणूनच प्रश्नाच्या शब्दांवर फार भार पडतो. काकांनी “आता ऑपरेशन केले तर चालेल का” असे विचारले असेल, तर मधुमेह आटोक्यात आहे की नाही, रुग्णालय कोणते, पुढचे तीन महिने घरात मदतीला कोण, यांतील काहीच त्या प्रश्नात नव्हते. जमीन, मानपान, उत्सवाचा दिवस अशा बाबतीत कौलाने गावाचे भांडण मिटते, कारण गावाने तो निर्णय आधीच देवावर सोपविलेला असतो. सांध्याच्या कूर्चेची झीज मात्र गावकीचा विषय नाही.

काकांना दुखवावे, असे मी सुचविणार नाही. वडीलधारी माणसे हे प्रेमापोटी करतात. भगिनींनी त्यांना दूरध्वनी करून एवढेच म्हणावे: “काका, निर्णय डॉक्टरांशी बोलून घेऊ. तुम्ही आईसाठी देवासमोर गाऱ्हाणे घाला.” गाऱ्हाणे म्हणजे प्रश्न नव्हे; पाठीशी उभा राहा अशी विनवणी आहे. त्याला डावे-उजवे नसते. ज्या रुग्णाची श्रद्धा आहे तिला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी गावच्या देवाचा आधार वाटणे ही लहान गोष्ट नाही.

आता पुनःपुन्हा विचारण्याविषयी, आणि पत्रातील मला सर्वांत चिंताजनक वाटलेली बाब हीच आहे. यी चिंगची चौथी आकृती अज्ञ बालकाची आहे. तिच्या मुख्य वचनाचा आशय असा की, पहिल्यांदा विचारले तर सांगितले जाते. तेच दोनदा, तीनदा विचारणे हा उपद्रव, आणि उपद्रव देणाऱ्याला उत्तर नाही. विसाव्या शतकात कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाने रिचर्ड विल्हेल्म यांच्या जर्मन भाषांतराच्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना खुद्द ग्रंथालाच प्रश्न केला. त्याला ५० वी आकृती मिळाली, ‘पाकपात्र’. दुसरी व तिसरी रेषा बदलून ती ३५ वी, ‘प्रगती’, झाली. पुढे त्याने आणखी एकदा नाणी टाकली, पण प्रश्न वेगळा होता. एकच प्रश्न मनासारखे उत्तर येईपर्यंत विचारणे निराळे.

त्या निराळ्या गोष्टीला मानसोपचारात चांगलेच ओळखतात. मनात भीती उठते, माणूस खातरजमा करून घेतो, घटकाभर बरे वाटते, भीती अधिक जोराने परत येते, पुन्हा खातरजमा. कुलूप लागले का हे दहादा पाहणारा, रक्तदाब दिवसातून वीसदा मोजणारा, अहवाल एका डॉक्टरकडून पाचव्याकडे नेणारा आणि रोज रात्री नाणी टाकणारा, हे सारे एकाच चाकात फिरत असतात. प्रत्येक खातरजमा मनाला शिकविते की खात्रीशिवाय राहणे अशक्य आहे. शस्त्रक्रियेसारख्या निर्णयात शंभर टक्के खात्री कोणालाच मिळत नाही, शल्यविशारदालाही नाही. ती अनिश्चितता सोसता येणे हेच अशा वेळी मनाचे आरोग्य. झोप उडाली असेल, दिवसभर तोच विचार घोळत असेल, तर समुपदेशकाची भेट घेण्यात संकोच नको. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली आय. पी. एच. ही संस्था या कामासाठी सर्वपरिचित आहे, आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोठूनही लावता येतो.

मग ही नाणी टाकून द्यावीत काय? तसा माझा आग्रह नाही. प्रश्नाभोवती शांतपणे बसण्याचे एक निमित्त, आपल्याच मनात काय चालले आहे ते बाहेर काढण्याची युक्ती, म्हणून कोणी यी चिंग वाचीत असेल तर त्यात मला वावगे वाटत नाही. भावाने ‘थांबा’ वाचले, कारण त्याला आई शस्त्रक्रियेच्या टेबलावरून परत येणार नाही अशी भीती वाटते. हे त्याने कोणालाच सांगितलेले नाही. नाण्यांनी ते उघड केले. अबोला मोडण्यास एवढे पुरे आहे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर तपासणीतून मिळते तो प्रश्न नाण्यांना, पाकळीला किंवा रमलाच्या फाशांना विचारू नये. स्तनातील गाठ, शौचातून रक्त, मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम, छातीतील कळ या बाबतीत तर एक दिवसही नाही; छातीत कळ असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

गुडघ्याची गोष्ट त्यामानाने सुदैवी आहे. झीज झालेला सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया बहुधा ठरवून, सवडीने करावयाची असते. विचार करण्यास वेळ असतो. मात्र तो वेळ वापरला पाहिजे. नुसते थांबले तर मांडीचे स्नायू दुबळे होत जातात, वजन वाढते, आणि शस्त्रक्रियेनंतर चालण्यास लागणारे बळच उरत नाही. दरम्यान सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर मात्र ती झीज नव्हे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भगिनींनी पुढील भेटीस भावाला आणि शक्य असल्यास आईलाही बरोबर न्यावे. आईला काय हवे आहे, हे सबंध पत्रात कोठेही आलेले नाही. देवळात जायचे आहे, की नातीच्या शाळेपर्यंत, की फक्त न कण्हता रात्रभर झोपायचे आहे? डॉक्टरांना कागदावर लिहून नेलेले प्रश्न विचारावेत. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर किती आहे, ती किती खाली आली म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका कमी होईल. दोन्ही गुडघे एकदम करावयाचे की एकेक, आणि या वयात ते का. व्यायाम व औषधांनी आणखी किती काळ निभावता येईल. भूल कोणती, हृदयाची तपासणी झाली का. कितव्या दिवशी चालविणार, घरी जिना असल्यास काय, फिजिओथेरपिस्ट घरी येईल का. उत्तरांनी शंका उरली तर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. चांगले डॉक्टर त्याचा राग धरीत नाहीत. दुसरे मत म्हणजे तिसऱ्यांदा नाणी टाकणे नव्हे, कारण दुसरा डॉक्टर तोच गुडघा आणि तीच क्ष-किरण प्रतिमा पाहून बोलतो.

शस्त्रक्रिया ठरो वा न ठरो, मांडीच्या पुढील स्नायूंचे व्यायाम आजपासून सुरू करण्यास हरकत नसते. ते खुर्चीत बसून आणि पलंगावर पडून कसे करावेत, हे पुढील अंकात आकृत्यांसह देऊ.